सोळा माणसं, बारा नग आणि मिरजेतून मथुरा-आग्रा-दिल्ली: मोठ्या कुटुंबाचा लांबचा प्रवास कसा करायचा

आमचं घर तासगाव भागातलं, द्राक्षबागेचं. एका चुलीवर १८ माणसं जेवतात. त्यातली १६ जणं गेल्या दिवाळीत भाऊबीज झाल्यावर मथुरा, आग्रा, दिल्ली आणि पानिपत करून आली. सासरे ७४ वर्षांचे, सासूबाई ६९, आत्ती ६६, आणि सगळ्यात लहान तीन वर्षांचं. कोण आजारी पडलं नाही, कोण हरवलं नाही, भांडण पण झालं नाही. याच्या आधीची आमची एक ट्रिप मात्र पार विस्कटली होती म्हणून सांगते, फरक कशानं पडला ते मला आता नीट कळलंय. पहिल्या वेळेला आम्ही सगळे मिळून एकच घोळका होतो, सगळं सगळ्यांचं, म्हणजे कुणाचंच नाही. यावेळी आम्ही चार टोळ्या केल्या, ऊसतोडीला असतात तशा, प्रत्येक टोळीत चार माणसं आणि एक मुकादम. बाकी सगळं या एका गोष्टीवर उभं आहे. सुरुवातीपासून क्रमानं सांगते.

आधी घरी कोण राहणार ते ठरवा

जायचं कुठं हे नंतर. आपल्या भागात घर बंद करून सगळ्यांनी जायचं हे शक्यच नसतं. ऑक्टोबर छाटणी झाली की बागेवर डावणीचं (बुरशीच्या रोगाचं) संकट असतं, पाऊस पडला की त्याच दिवशी फवारणी, त्यात गोठ्यात दोन जर्शी, दोन टाइम धारा. त्यामुळं तारखा ठरवायच्या आधी मागं राहणाऱ्या माणसाशी बोलून घ्या. नाहीतर सगळं बुकिंग झाल्यावर "आता तू राहा" असं त्याला सांगितलं जातं आणि तो राग वर्षभर घरात फिरतो. आमच्यात यावेळी धाकटे दीर आणि जाऊबाई राहिले, त्यांनी आपणहून सांगितलं, आणि पुढच्या वर्षी त्यांचा नंबर पहिला हे सगळ्यांसमोर ठरलं.

सीझनचं म्हणाल तर उत्तरेला जायला कुठलाच महिना बिनदोष नाही. मे महिन्यात पोरांना सुट्टी असते पण आग्र्याला पारा ४५ च्या आसपास, म्हाताऱ्या माणसांना तो नको. डिसेंबरच्या शेवटी धुकं, गाड्या तासन् तास लेट. दिवाळीनंतर हवा छान गार असते पण दिल्लीत धूर फार. कुणाला दमा असेल तर दिल्ली एका दिवसात उरका आणि मुक्काम मथुरेला नाहीतर आग्र्याला ठेवा. आम्ही तेच केलं.

पैसे सहा महिने आधीपासून

भिशीसारखं. दर महिन्याला मोठ्या माणसामागं ठरलेली रक्कम, पोरांची निम्मी, सासू-सासऱ्यांची आणि आत्तीची तिघा भावांनी वाटून. वेगळं खातं, आणि पैसे फक्त एकाच माणसाच्या हातानं बाहेर. या खात्यातून गाडी, राहणं, जेवण आणि तिकिटं, एवढंच. खरेदी, पेढे, पोरांची खेळणी ज्याची त्यानं. ही रेघ आधीच आखली तर "त्यांनी जास्त खर्च केला" हे येत नाही. रोज रात्री झोपायच्या आधी वहीत लिहायचं, मोबाईलमध्ये नको, वही सगळ्यांना दिसते. रोख पण ठेवा, सगळी एकाकडं नको, चार मुकादमांकडं थोडी थोडी.

तिकीट: इथंच अर्धी लढाई आहे

आपल्या सांगली जिल्ह्याचं नशीब चांगलं की मिरज जंक्शन आहे. गोवा एक्सप्रेस वास्कोहून निघून मिरज, पुणे, भुसावळ, भोपाळ, झाशी, आग्रा, मथुरा करत दिल्लीच्या निजामुद्दीनला जाते, म्हणजे गाडी बदलायची भानगडच नाही. मिरजेतून रात्री बसलं की पुढचा सगळा दिवस गाडीत आणि तिसऱ्या दिवशी पहाटे तुम्ही तिकडं. म्हातारी माणसं आणि १२ नग घेऊन पुण्यात गाडी बदलण्यापेक्षा हे हजारपट बरं. माझं स्पष्ट मत आहे, थोडे पैसे जास्त जाऊ देत पण थेट गाडीच बघा.

रिझर्वेशन आता ६० दिवस आधी उघडतं. १ नोव्हेंबर २०२४ पासून हा नियम आहे, त्याआधी १२० दिवस होते आणि अजून बरेच जण त्याच हिशोबानं बसतात. प्रवासाचा दिवस धरायचा नाही. म्हणजे १४ नोव्हेंबरला निघायचं असेल तर १५ सप्टेंबरला सकाळी ८ वाजता. आणि ८ म्हणजे ८, दिवाळीनंतर छटपूजेच्या आसपास उत्तरेकडं जाणाऱ्या गाड्या मिनिटात वेटिंगला जातात.

एका पीएनआरवर, म्हणजे एका तिकिटावर, जास्तीत जास्त ६ जणं बसतात. म्हणून आदल्या रात्री आम्ही चार फोन तयार ठेवले, आयआरसीटीसीची (रेल्वे तिकिटाच्या साइटची) चारी अकाउंट आधारशी व्हेरिफाय केलेली (आता बुकिंग उघडताना तसंच अकाउंट लागतं), सगळ्यांची नावं-वयं अकाउंटमधल्या मास्टर लिस्टमध्ये (प्रवाशांच्या यादीत) आधीच भरून ठेवलेली. सकाळी नावं टाइप करत बसलात तर गाडी गेली समजा.

आता महत्त्वाचं. ६० वर्षांवरच्या पुरुषांना आणि ४५ वर्षांवरच्या बायकांना लोअर बर्थचा वेगळा कोटा आहे, पण तो एका तिकिटावर एक किंवा दोनच माणसं असतील तरच मिळतो. सासऱ्यांचं नाव सहाजणांच्या तिकिटात घातलं की तो कोटा हातचा जातो, मग मिळेल तो बर्थ, आणि ७४ वर्षांच्या माणसाला अप्पर आला की रात्री १० वाजता डब्यात हात जोडत फिरायचं. आम्ही असं केलं: सासू-सासरे एक तिकीट, आत्ती आणि माझी थोरली जाऊ (तिचं वय ४८) दुसरं, उरलेले ६ आणि ५. तीन वर्षांच्याला तिकीट लागत नाही, ५ वर्षांखाली फुकट आहे पण बर्थ मिळत नाही. ५ ते १२ मध्ये बर्थ नको असेल तर निम्मं भाडं, बर्थ पाहिजे तर पूर्ण. एवढ्या लांबच्या प्रवासात पोरांचा बर्थ वाचवायला जाऊ नका, आईची दोन्ही रात्रीची झोप जाते.

चार तिकिटं चार डब्यांत पडू नयेत म्हणून बुकिंग करताना प्रेफर्ड कोच नंबरचा रकाना असतो, तिथं चौघांनी एकच डबा टाकायचा. आमचे १२ बर्थ एका डब्यात आले आणि तीन शेजारच्या. बर्थ कुठला हे नंबरवरून कळतंय, आठानं भागायचं: बाकी १ किंवा ४ उरली तर लोअर, २ किंवा ५ मिडल, ३ किंवा ६ अप्पर, ७ उरली तर साइड लोअर, आणि पूर्ण भाग गेला तर साइड अप्पर. हे स्लीपर आणि थ्री एसीला. मिडल बर्थ रात्री १० ते सकाळी ६ एवढाच उघडायचा असतो, दिवसा तो उघडला की खालच्याला ताठ बसता येत नाही, म्हणून कुणाला कुठला ते घरीच कागदावर लिहून ठरवा.

मधल्या स्टेशनवरून वेटिंग येत असेल तर एक करता येतं, तिकीट गाडीच्या पहिल्या स्टेशनपासून काढायचं आणि बोर्डिंग पॉइंट (चढायचं स्टेशन) मिरज टाकायचा. तिथला कोटा मोठा असतो. पैसे थोडे जास्त जातात आणि ते परत मिळत नाहीत, पण कन्फर्म होतं. आणि ऐनवेळी कुणाचं रद्द झालं तर तिकीट आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, नवरा, बायको यांच्या नावावर करून मिळतं, गाडी सुटायच्या २४ तास आधी काउंटरला अर्ज द्यायचा. तत्काळवर मोठ्या कुटुंबानं अवलंबून राहू नये, तिथं एका तिकिटावर ४ च जणं.

निम्मे एसीत निम्मे स्लीपरमध्ये असं करू नका. रात्री एकमेकांकडं जाता येईलच असं नसतं आणि औषधं एकीकडं, माणूस दुसरीकडं होतो.

टोळ्या आणि मुकादम

तिकीट हातात आलं की टोळ्या पाडा. टोळी म्हणजे एक नवरा-बायको-पोरं असं कुटुंबच पाहिजे असं नाही. प्रत्येक टोळीत एक म्हातारं किंवा एक लहान, एक धडधाकट उचलणारा, आणि मुकादम असा की ज्याला फोनवर तिकीट उघडता येतं आणि जो मोठ्या माणसाला पण "आता चला" म्हणू शकतो. वयाचा मान ठेवून मुकादम करू नका, आमच्यात एका टोळीची मुकादम माझी २२ वर्षांची पुतणी होती आणि सासऱ्यांनी तिचं सगळं ऐकलं.

मुकादमाचं काम तीनच गोष्टींचं, चार माणसं मोजणे, तीन नग मोजणे, आणि आपल्या टोळीच्या पोटात वेळेवर काहीतरी गेलंय का बघणे. मग १६ माणसं कुणालाच मोजावी लागत नाहीत, चार मुकादम एकमेकांना हात वर करून दाखवतात आणि निघायचं. मागच्या ट्रिपला मधल्या एका स्टेशनवर चुलत दीर चहाला उतरले आणि गाडी सुटली, ते पळत जाऊन शेवटच्या डब्यात चढले पण फोन बर्थवरच राहिलेला, पाऊण तास आम्हाला कळेना माणूस गाडीत आहे का खाली, आत्तीनं तर रडायलाच सुरुवात केली. त्या दिवशी ते उतरलेत हे कुणालाच माहीत नव्हतं, कारण मोजायचं काम कुणा एकाचं नव्हतंच. आता नियम असा, प्लॅटफॉर्मवर उतरायचं तर मुकादमाला सांगून आणि फोन खिशात घेऊन.

म्हातारी माणसं आणि पोरं यांच्या खिशात एक जाड कागद, त्यावर नाव, दोन फोन नंबर आणि राहायच्या जागेचं नाव. फोन हरवतो, बॅटरी संपते, कागद राहतो.

सामान

प्रत्येक टोळीला तीनच नग, त्यातला एक खाण्याचा. मार्करनं नंबर टाका, १/१, १/२, १/३, २/१ असं, आणि हँडलला एकाच रंगाची चिंधी बांधा. आम्ही जुन्या नारंगी साडीचा काठ फाडून बांधला होता, गर्दीत लांबून दिसतो. कसोटी एकच, ज्याची बॅग त्याला ती एकट्याला उचलून जिना चढता आली पाहिजे. स्लीपर आणि थ्री एसीला माणशी ४० किलो फुकट नेता येतं, पण नियमात बसतं म्हणून न्यायचं नाही. रात्री साखळी-कुलूप लावा. स्लीपरला पांघरूण मिळत नाही आणि भोपाळच्या पुढं नोव्हेंबरात पहाटे चांगलंच गारठतंय, शाली वरच ठेवा, बॅगेच्या तळाशी नको.

बीपी-शुगरच्या गोळ्या दोन वेगवेगळ्या बॅगांत, पूर्ण दिवसांच्या दोन्हीकडं. मागच्या वेळी गोळ्यांची एकच पिशवी होती आणि ती रिक्षात राहिली, मग परक्या गावात रात्री मेडिकल शोधत फिरलो आणि चिठ्ठी नाही म्हणून गोळी मिळेना. चिठ्ठीचा फोटो चारी मुकादमांच्या फोनमध्ये पाहिजे. ओआरएसची पाकिटं, उलटीची गोळी, क्रेप बँडेज, आणि पोरींसाठी-बायकांसाठी पॅड घरूनच, प्रवासात तारीख पुढं-मागं होतेच.

खाणं

दोन रात्री आणि एक दिवस. पहिल्या रात्री दहीभात, तो त्याच रात्री संपवायचा. दुसऱ्या दिवसासाठी दशम्या, धपाटे, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, आणि वर भडंग, तासगावचे बेदाणे, फराळाच्या चकल्या-कडबोळी. दशमी दुधात भिजवलेली म्हणून टिकते, पण एक चूक सगळ्यांची होते. तव्यावरून काढली की डब्यात. असं केलं की तिला आतून घाम सुटतो, दुसऱ्या दिवशी दुपारी डबा उघडला की चिकट, आंबूस वास. आमच्या सासूबाई सुती लुगड्यावर एकेक सुटी पसरतात, पालथी घालतात, हात लावून बघतात, पूर्ण गार झाल्याशिवाय बांधू देत नाहीत. मग चार-चारच्या चवडी, मधे कागद, आणि प्रत्येक टोळीचा डबा वेगळा. चटणीचा डबा स्टीलचा घट्ट झाकणाचा, खाली एक जुना टॉवेल. ओली चटणी, खोबरं घातलेलं काही न्यायचं नाही.

दुसऱ्या रात्रीचं जेवण ई-केटरिंगनं सीटवर मागवता येतं, पण गाडी लेट झाली तर ते गडबडतं म्हणून भडंग राखून ठेवा.

आता पाण्याचं, आणि हे मला मनापासून सांगायचंय. आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायका गाडीत पाणीच पीत नाहीत. संडासला जावं लागेल म्हणून. सासूबाई पहिल्या ट्रिपला दिवसभरात दोन पेले प्यायल्या आणि तिसऱ्या दिवशी लघवीला जळजळ, ताप. त्या बोलल्या नाहीत, लाजल्या. यावेळी पुतणीचं काम ठरलेलं होतं, दर दोन-अडीच तासांनी आजीला स्वतःहून घेऊन जायचं, दारात उभं राहायचं, आत दांडी कुठं आहे ते आधी दाखवायचं, पायात मागं पट्टा असलेली न घसरणारी चप्पल. आजीनं "चल गं" म्हणायची वेळच येऊ दिली नाही. पाणी त्या आपोआप प्यायला लागल्या.

उतरताना

गाडी मथुरेला थोडाच वेळ थांबते आणि ती पण आडवेळेला. अर्धा तास आधी उठवायचं, २० मिनिटं आधी नग दाराजवळ. आधी दोन तरणी पोरं खाली, मग सामान हातोहात, मग म्हातारी माणसं, मग बायका-पोरं, शेवटी एक मुकादम उशी-पांघरुणाखाली, चार्जरच्या प्लगला, बर्थखाली हात फिरवून. बसताना हेच उलटं. सगळे एकाच दारातून चढायचा हट्ट नको, दोन टोळ्या एका दारानं, दोन दुसऱ्या.

राहणं आणि गाडी

पहाटे पोचता आणि रूम दुपारी १२ ला मिळते, हे सगळ्यांच्या बाबतीत होतं. निदान एक-दोन रूम आदल्या रात्रीपासून घेऊन ठेवा, म्हातारी माणसं आणि पोरं तिथं पडतात. आम्ही मागच्या वेळी ऑनलाइन फोटो बघून घेतलेल्या रूम तिसऱ्या मजल्यावर निघाल्या, लिफ्ट नाही, आत्तींना दिवसातून एकदाच खाली उतरता यायचं. तेव्हापासून फोन करून विचारतेच, तळमजल्यावर किती रूम, लिफ्ट चालू आहे का, कमोड आहे का, गरम पाणी किती ते किती. उत्तर व्हॉट्सॲपवर लिहून घ्यायचं.

फिरायला तिकडची गाडी करा. १६ माणसांना १७ सीटर ट्रॅव्हलर पुरते असं वाटतं, पण सामान ठेवायचं कुठं? वर कॅरिअर असलेली नाहीतर २० च्या पुढची घ्या. उत्तर प्रदेश, दिल्ली, हरियाणा तीन राज्यं होतात, परमिट-टॅक्स, टोल, पार्किंग, ड्रायव्हरचा रात्रीचा भत्ता हे रेटमध्ये आहे का नाही ते आधी. आणि घरातला एक लाकडी पाट घेऊन जा, खरंच. ट्रॅव्हलरची पायरी उंच असते, पाट खाली ठेवला की सासूबाई कुणाचा हात न धरता चढायच्या, १६ जणांच्या गाडीत दिवसातून दहा वेळा चढ-उतार होते.

दिवसाला एकच मोठी गोष्ट

सकाळी एक मोठं ठिकाण, दुपारी झोप, संध्याकाळी जमलं तर बाजार. दुखऱ्या गुडघ्याला जेवढं झेपतं तेवढंच सगळ्यांना. ज्यांना जास्त फिरायचंय त्यांची टोळी वेगळी सुटू दे, सगळे सगळीकडं गेलेच पाहिजेत असं नाही.

ताजमहाल शुक्रवारी बंद, लाल किल्ला सोमवारी, त्यावरच वार बसवा. ताजजवळ पेट्रोल-डिझेलची गाडी जात नाही, पार्किंगपासून बॅटरीच्या गाड्या मिळतात. आत खाण्याचं आणि तंबाखू चालत नाही, म्हाताऱ्यांच्या कनवटीची पुडी गाडीतच ठेवून घ्या, नाहीतर गेटवर वेळ जातो. १५ वर्षांखालच्या पोरांना तिकीट नाही, आधार कार्ड दाखवायला ठेवा. वृंदावनात माकडं चष्मा ओढून नेतात, म्हाताऱ्यांचा जादाचा चष्मा घरूनच न्या.

आणि आग्र्याच्या किल्ल्याला वेळ राखून ठेवा. १६६६ मध्ये महाराज औरंगजेबाच्या दरबारात गेले, बरोबर ९ वर्षांचे संभाजीराजे, हे मी पोरांना नर्मदेचा पूल ओलांडताना सांगितलं होतं. किल्ल्यासमोर महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे, तिथं सासरे चप्पल काढून उभे राहिले. दिल्लीपासून पानिपत ९० किलोमीटरच्या आसपास, काला आंबचं स्मारक बघायला अर्धा दिवस पुरतो, १४ जानेवारी १७६१ ची लढाई. तिथं गेलेल्या आमच्या पोरांना आता पुस्तकातला तो धडा वेगळाच वाटतोय.

परत आल्यावर

मिरजेला उतरायची वेळ आडनिडी असेल तर घरच्या गाड्या आधीच सांगून ठेवा, दमलेल्या माणसांना रात्री स्टँडवर बसवू नका. घरी राहिलेल्यांसाठी आणलेलं त्याच दिवशी त्यांच्या हातात. आणि दुसऱ्या दिवशी जेवणं झाली की वही काढायची, उरलेले पैसे वाटायचे नाहीतर पुढच्या भिशीत टाकायचे. आमच्या वहीच्या शेवटच्या पानावर पुढच्या वर्षी बागेला आणि धारांना कोण राहणार ते लिहून ठेवलंय. माझं आणि मिस्टरांचं नाव आहे.